बार्बाराचा पाऊस आणि चार मजली केळवण

पावसाचं मला कुणी शिकवू नये, असा माझा जुना माज होता. मी गुहागरकडचा माणूस. मृग कधी लागतो, आर्द्रा कधी, यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. बहरीनला येऊन चोवीस वर्षं झाली, इलेक्ट्रिशियनचं काम करता करता डोक्यावरचे केस गेले, पण स्वयंपाकघराच्या दारामागे दरवर्षी नवं पंचांग लागतंच. बायको म्हणते, "अहो, ज्या देशात वर्षातून चार दिवस पाऊस पडतो, तिथे कसली नक्षत्रं बघता?" मी म्हणतो, आकाश एकच आहे ना? मग झालं तर. या माजापायी गेल्या डिसेंबरात मी असा तोंडघशी पडलो, की अजून इथल्या मराठी मंडळातली माणसं भेटली की आधी माझ्याकडे आणि मग वर आभाळाकडे बघतात.

आमची बिल्डिंग सलमानिया भागातल्या मागच्या गल्लीत. जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर खाला. खाला म्हणजे मावशी. रक्ताचं नातं काही नाही. ती बेथलेहेमजवळच्या एका डोंगराळ गावातली ख्रिश्चन बाई, नवऱ्याबरोबर तरुणपणी इथे आली, नवरा शाळेत शिकवायचा. तो गेला, मूलबाळ नव्हतं, ती इथेच राहिली. आमची मुलगी चार महिन्यांची असताना बायकोची लॅबची नोकरी सुरू झाली. तिची शिफ्ट आणि माझी शिफ्ट यांच्या मधल्या फटीत पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं. खालाने एक दिवस जिन्यात पोरीचं रडणं ऐकलं, खाली आली, पोरीला उचललं आणि सरळ वर घेऊन गेली. आम्ही दोघं दारात उभे! त्या दिवसापासून पोरगी निम्मी तिची. आज आमच्याशी ती इंग्रजीत बोलते, खालाशी अरबीत, आणि मराठी तिला कळतं सगळं पण उत्तर मिळत नाही. मला राग येतो, पण कुणावर काढणार?

दोन वर्षांपासून खालाचे गुडघे गेले. चढणं कसंबसं जमतं, उतरणं जमत नाही. हॉस्पिटलला जायचं झालं की तिचा रिफ्फा गावात राहणारा भाचा कुणाला तरी बरोबर आणतो आणि दोघं तिला खुर्चीत बसवून उतरवतात. तिला त्याची भयंकर चीड. "मी काय फ्रिज आहे?" असं प्रत्येक मजल्यावर विचारते.

पोरीचं लग्न ठरलं. मुलगा चिपळूणचा, लग्न फेब्रुवारीत आमच्या गावच्या घरी. पोरीच्या तोंडावर आनंद होता, पण मधेच ती गप्प व्हायची. कारण आम्हाला ठाऊक होतं. खाला लग्नाला येऊ शकणार नव्हती. जी बाई चार मजले उतरू शकत नाही, ती विमानात बसून, पुढे सात तास गाडीने कोकणात कशी जाणार? हा विषय घरात कुणी काढायचाच नाही, असं न ठरवता ठरलं होतं.

मग पोरीने एकदा तिला केळवणाचं सांगितलं. लग्नाआधी जवळची माणसं नवरीला घरी बोलावून जेवू घालतात, कौतुक करतात. खालाचे डोळे चमकले. म्हणाली, "पहिलं केळवण माझं. मीच रांधणार, मीच बोलावणार. आणि प्रत्येक पाहुण्याला मीच माझ्या हाताने वाढणार. आमच्या गावात यजमानणीने हाताने वाढलं नाही, तर बोलावलंच नाही असं धरतात." तिच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं मावणार नव्हती. गच्ची मात्र तिच्या डोक्यावर, एकच जिना. दोघांच्या आधाराने तेवढं चढणं-उतरणं जमण्यासारखं होतं. तेव्हा ठरलं, केळवण गच्चीवर. पोरीच्या लग्नातलं खालाच्या वाट्याला येणार होतं ते एवढंच.

मी पोरीला शब्द दिला. "मांडव माझा, लायटी माझ्या. तू आणि खाला नुसत्या बसा."

खालाने एकच अट घातली. "तारीख तू ठरव, अबू कहरबा." ती मला असंच म्हणते, विजेचा बाप. "फक्त बार्बाराचा दिवस नको. बार्बाराला पाऊस येतो."

मी विचारलं, कोण ही बार्बारा? तर संतीण. तिचा सण डिसेंबरात. त्या दिवशी खालाकडे सोललेले गहू शिजवून, त्यात साखर, दालचिनी, बडीशेप घालून, वर डाळिंबाचे दाणे पेरून मोठं पातेलं करतात. घाटावर गव्हाची खीर करतात ना, तिची चुलत बहीणच. आणि त्या सणाची त्यांच्याकडे म्हण आहे: बार्बाराला उंदराच्या बिळातून पाणी निघतं.

मी पोट धरून हसलो. आमच्या पंचांगात उंदीर हे वाहन आलं तर बेताचा पाऊस, ना धड कमी ना धड जास्त. आणि इथे उंदराच्या बिळातून पाणी! शिवाय डिसेंबर? स्वाती नक्षत्र संपलं की विषय संपला. दिवाळीनंतर आमच्याकडे अंगण सारवून त्यावर बिनधास्त गाद्या घालतात. "खाला," मी म्हटलं, "पावसाचं माझ्याकडे सोपव." कोकणातल्या माणसाच्या अंगात हे भिनलेलंच असतं, दिवाळी झाली म्हणजे आभाळ आपलं. इथे पाऊस आलाच तर नेमका त्या दिवसांत येतो, हे चोवीस वर्षं डोळ्यांनी बघूनसुद्धा डोक्यात शिरलं नव्हतं.

तरी पोरीसाठी म्हणून मी फोनवर शोधलं. संत बार्बारा, चार डिसेंबर. झालं की! मग मी तारीख धरली सतरा डिसेंबर. सोळा-सतराला इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी, म्हणजे शिफ्टवाले, ड्रायव्हर, दुकानवाले सगळे मोकळे. खालाला सांगितलं, तिने मान डोलावली. तिला तारखांचं काही देणंघेणं नसतं. तिच्या घरात कॅलेंडरच नाही. सण आला की गावाहून बहिणीचा फोन येतो, "आज गहू भिजत घालते आहे," आणि खाला उठून गहू भिजत घालते.

चार डिसेंबरला आभाळ असं निळं, जसं धुऊन वाळत घातलेलं. मी संध्याकाळी बायकोला गॅलरीत नेलं. "बघ, गेली तुझी बार्बारा कोरडी." बायको म्हणाली, "नाकाने कांदे सोलू नका." मी सोलले. मंडळात जाऊनही सोलले.

पंधरा तारखेला चहाच्या वेळी वरून काठी आपटल्याचा आवाज आला. ती खालाची बेल. मी वर गेलो. ओट्यावर गहू भिजत घातलेले, आणि खाला डोक्याला हात लावून बसलेली. पोरगी तिच्याशेजारी. पोरगी म्हणाली, "Baba, her sister called. Barbara is on the seventeenth."

"बोंबला," मी म्हटलं. "चारला झाली ना ती?"

झाली होती, पण इतरांची. खालाच्या गावचं चर्च जुनं कॅलेंडर पाळतं, आणि ते तेरा दिवस मागे आहे. त्यामुळे जगाची बार्बारा चारला आणि खालाच्या गावची सतराला. मी चिडलो. एका बाईला दोन दोन दिवस कसे? तर माझ्यामागोमाग वर आलेली बायको म्हणाली, "तुमचा नाही का, तिथीने एक वाढदिवस आणि तारखेने एक? दोन्ही वेळा गोड खाता." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळं वर्ष मोकळं होतं आणि मी शोधून शोधून नेमका बार्बाराचाच दिवस काढला होता.

तारीख बदलणं शक्य नव्हतं. चाळीस जणांना पुन्हा एका दिवशी सुट्टी मिळणं म्हणजे ग्रहांची युती. मी खुर्ची ओढून बसलो आणि खालाला म्हटलं, "आता मला नीट सांग. ही म्हण आली कुठून? खरी आहे की उगाच?" पोरगी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती.

खालाने आधी गोष्ट सांगितली. बार्बारा एका श्रीमंत माणसाची पोर. बापाने तिला मनोऱ्यात कोंडलं. ती पळाली. बाप मागे लागला. ती नुकत्याच पेरलेल्या शेतातून धावली तर तिच्या पावलांमागे गहू उगवून एवढा उंच झाला की ती दिसेना. पुढे ती सापडली, बापाने तिला मारलं, आणि तिथल्या तिथे बापावर वीज पडली. इथे बायको माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, "मी कुणाला कोंडलेलं नाही, आणि मी अर्थिंग करून घेतो."

"ही संतिणीची गोष्ट झाली," मी म्हटलं. "म्हणीचं काय?"

मग खाला आईच्या शेताबद्दल बोलायला लागली. उन्हाळाभर त्या डोंगरात थेंब नाही. पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत गहू पेरायचे आणि वाट बघायची. आठवडे जायचे. बार्बारापर्यंत बांधावरच्या उंदरांच्या बिळांतून पाणी वाहिलं तर आई गाणं म्हणत घरी यायची, आणि नाही वाहिलं तर त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलायचं नाही. पाऊस झाला की चार दिवसांत सगळा डोंगर हिरवा, रात्रीतून उगवल्यासारखा. आणि त्या पावसात विजा हमखास.

मला एकदम लख्ख कळलं. बार्बाराच्या मागे उगवलेला गहू आणि बापावर पडलेली वीज, दोन्ही त्याच महिन्याचे. मी विचारलं, "मग आधी काय आलं, खाला? पाऊस की बार्बारा?"

"पाऊस," ती म्हणाली. "पण पावसाला हाक मारायला नाव नको का? म्हणून लोकांनी त्याला पोरीचं नाव दिलं."

म्हणजे तो अंदाज नव्हताच. ते मागणं होतं. आमच्याकडे म्हणतात ना, पडतील स्वाती तर पिकतील मोती. त्यातला 'तर' किती मोठा आहे, हे मला त्या दिवशी पन्नाशीत समजलं. कुणीतरी कोरड्या शेताच्या बांधावर उभं राहून बोललेलं वाक्य ते. मला फार बरं वाटलं. मी पंचांग बघतो म्हणून बायको हसते, पण जगभर शेतकऱ्यांच्या घरी असलंच कुठलं तरी पंचांग दारामागे टांगलेलं असणार.

हे सगळं ठीक, पण सतराला काय? खाला म्हणाली, मी बघते. आणि कोपऱ्यातल्या बार्बाराच्या तसबिरीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली.

सतराला सकाळी आभाळ कोरं होतं. मी दोघांना मदतीला घेऊन गच्चीवर ताडपत्री बांधली, लायटिंगच्या माळा सोडल्या, सगळी जोडणी उंचावर घेतली. मंडळातल्या बायकांनी रांगोळी घातली, दाराला झेंडूचं तोरण बांधलं. खालाच्या स्वयंपाकघरात चार बायका राबत होत्या आणि खाला सगळ्यांना एकाच वेळी अरबीत ओरडत होती. कुणाला काही कळत नव्हतं आणि सगळं बरोबर होत होतं. पोरीने हिरवी पैठणी नेसली. काय दिसत होती! मला तिच्याकडे नीट बघवेना, मी उगाच वायरी तपासत बसलो.

तीनच्या सुमाराला वारा फिरला. वायव्येकडून ढग आले, आणि चारच्या ठोक्याला कोसळला. असा पाऊस मी इथे पाहिला नव्हता. ताडपत्रीत पाणी साठलं, पोट फुगलं, आणि गच्चीच्या मधोमध धबधबा झाला. मी धावत मेन बंद केला. पाण्याच्या टाकीखालच्या भोकातून नळ सोडल्यासारखं पाणी यायला लागलं. रांगोळी वाहून गेली. चाळीस माणसं पळत जिन्यात आली.

मी तोवर फोन लावले. एका ओळखीच्याने मनामातला हॉल मोकळा असल्याचं सांगितलं. मी जिन्यातून ओरडलो, "चला, यल्ला, हॉल मिळाला! पातेली दोन गाड्यांत जातील!" माणसं उतरायला लागली. पोरगी खालाच्या उघड्या दारापाशी थांबलेली. म्हणाली, "And Khala?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "अगं, एका माणसासाठी चाळीस जणांनी काय भिजत उभं राहायचं?"

खाला दारातच होती. तिला मराठी येत नाही. पण तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाढायची पळी हळूच पातेल्यात परत ठेवली. ती पळी ठेवतानाचा तिचा हात मला अजून दिसतो. माझा राग कुणावर होता, पावसावर, स्वतःवर, देव जाणे. सापडली मात्र ती बिचारी.

पोरगी खालाच्या दारासमोरच्या पायरीवर पैठणीसकट बसली. म्हणाली, "I'm eating here."

बायको तिच्या खालच्या पायरीवर बसली. मग मंडळाच्या दोन बायका. मग मआमीर भागातल्या कारखान्यातले तिघं वेल्डर. वरून खाली एकेक पायरी भरत गेली, कुणी कठड्याला टेकून, कुणी मांडीवर मूल घेऊन. दहा मिनिटांत चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जिना माणसांनी भरला. खालच्या मजल्यावरचे पाकिस्तानी भाऊ दार उघडून बघायला आले, त्यांनाही कुणीतरी बसवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी महिनाभर गच्ची, ताडपत्री, हॉल करत फिरत होतो, आणि बाईच्या दारात चार मजले जागा पडलेली होती.

मी खालाजवळ गेलो. कसली माफी मागायची आणि कुठल्या भाषेत? मी पळी उचलली आणि तिच्या हातात दिली. तिने माझ्या टकलावर हलकी टपली मारली. मग पोरीला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, साठ वर्षं मी बार्बाराकडे पाऊस मागितला, इथे एकदाही दिला नाही. यंदा पहिल्यांदा म्हटलं, बाई, एवढा एक दिवस नको. तर बघ!" सगळा जिना हसला. ज्याला कळलं तो आधी, आणि ज्याला सांगावं लागलं तो नंतर, असं ते हसू खालपर्यंत उतरत गेलं.

औक्षण झालं, खालाने पोरीला पहिला घास भरवला, बायकोने उखाण्याचा आग्रह केला आणि पोरीने चक्क मराठीत, अडखळत का होईना, घेतला. मग वाढण्याची वेळ आली. आम्ही म्हटलं, खाला, तू बस, वाट्या आम्ही हातोहात खाली देतो. खाला म्हणाली, नाही. माझे पाहुणे आहेत.

भाच्याने पातेलं धरलं. खालाने एक हात कठड्यावर ठेवला, आणि दुसरा हात पोरीने धरला. पहिल्या पायरीवरच्या बाईला वाढलं. वाढून झाल्यावर त्या बाईने खालाचं कोपर धरून तिला एक पायरी खाली दिली, पुढच्याने घेतली. पुन्हा वाढलं. पुन्हा एक पायरी. प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंना माणसं, प्रत्येकाचा हात वर आलेला. गुडघा वाकताना तिचं तोंड कसनुसं व्हायचं आणि लगेच समोरच्याच्या वाटीत डाळिंबाचे दाणे पडायचे. तिसरा मजला झाला. मी म्हटलं, आता पुरे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीला चिकटलो. दुसरा झाला. जिन्यात सगळे पायऱ्या मोजत होते. पहिला झाला. पाकिस्तानी भावांनी "माशाल्ला" म्हणत तिला दोन पायऱ्या जवळजवळ उचलूनच दिलं आणि तिने रागावून त्यांना कमी खीर वाढली.

आणि खाला तळमजल्याच्या दारात उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा, खुर्चीत नाही, स्वतःच्या पायांवर. गल्लीत घोटाभर पाणी होतं, पाऊस अजून पडत होता. तिने चप्पल काढली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि तोंड वर केलं. पोरगी पैठणी भिजवत तिच्याशेजारी. खालाने तिच्या कानात काहीतरी म्हटलं, आणि पोरगी एकदम रडायलाच लागली.

"काय म्हणाली?" मी घाबरून विचारलं.

पोरगी नाक पुसत मराठीत म्हणाली, "बाबा, खाला विचारते, उतरले तर आहे, आता एअरपोर्ट कुठल्या बाजूला?"

मी तसाच भर पावसात उभा राहून विमानतळ आहे त्या मुहर्रकच्या दिशेने हात केला.

बायको मागून म्हणाली, "अहो, नुसते हात काय दाखवता? वर जाऊन तिचा पासपोर्ट घेऊन या."